घरच्या घरी मेपल सिरप, खर्च दीडशे डॉलरच्या आत : प्रकल्प नोंदी

जागा: ओटावाच्या पश्चिमेला, लानार्क परगणा. घरामागे एकरभर रान.
मर्यादा: १५० कॅनेडियन डॉलर, एक सेंट जास्त नाही.
शिदोरी: करवीर तालुक्यातलं घरचं गुऱ्हाळ. मी फक्त पाहिलंय, चालवलंय आप्पांनी.

१२ ऑक्टोबर

मेपलच्या खोडाला भोक पाडून तोटी बसवायची, तिच्यातून टिपकणारा रस आटवायचा, की झालं सिरप. त्यासाठी पानं झडायच्या आत झाडं ठरवून टाकली. हे काम मार्चवर ढकललं तर उघड्या फांद्यांकडे बघून मेपल कुठला आणि अ‍ॅश कुठला हे ओळखत बसावं लागतं. दोघांच्याही फांद्या समोरासमोर फुटतात. पान हातात असलं की प्रश्नच नाही. शुगर मेपलच्या पानाची खाच गोलसर आणि कडा साफ. रेड मेपलची खाच कोनात आणि कडेला करवतीचे दाते. रस दोघांचाही चालतो. सिल्व्हर आणि मॅनिटोबा मेपलचाही चालतो. पण शुगर मेपलच्या रसात साखर जास्त, शिवाय त्याच्या कळ्या उशिरा फुगतात, म्हणजे हंगाम थोडा लांबतो.

झाड किती जाड हवं? छातीच्या उंचीवर व्यास किमान २५ सेंटिमीटर. त्याहून बारीक झाडाला भोक पाडायचं नाही, ते अजून वाढतंय. ४५ च्या पुढे असेल तर दोन भोकं चालतात. दर झाडाला टेप लावून भागाकार कोण करणार, म्हणून तागाची दोरी घेतली आणि तिला दोन गाठी मारल्या: एक ७९ सेंटिमीटरवर, दुसरी १४१ वर. दोरी खोडाभोवती फिरवायची. पहिल्या गाठीपर्यंत दोरी लागत नसेल तर झाडाला नमस्कार करून पुढे. दुसरीच्याही पलीकडे गेली तर दोन तोट्या.

आठ झाडं निघाली, त्यांतली दोन दुसऱ्या गाठीच्या पलीकडची. एकूण दहा तोट्या. प्रत्येकाला जुन्या ओढणीची लाल पट्टी बांधली.

९ नोव्हेंबर

खरेदी. नवशिक्यांसाठी सगळं सामान एका खोक्यात घालून विकतात. त्यात बादल्या सुंदर असतात, झाकणंही सुंदर असतात, आणि पैसे त्या सौंदर्याचेच असतात. रस आटवायला खोक्यात काहीच नसतं. म्हणून सुटं सुटं घेतलं.

प्लॅस्टिकच्या ८ मिलिमीटरच्या तोट्या, दोन जादा धरून बारा: १२ डॉलर. त्यांना जोडायला खाद्यपदार्थांसाठीची नळी: ५. बेकरीत आयसिंग ज्यातून येतं त्या झाकणाच्या बादल्या, डॉलरला एक: १०. ड्रिलचं पातं: ८ (ड्रिल घरचंच). बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या सामानातून बुफेचे स्टीलचे तीन पॅन, दहा सेंटिमीटर खोल: ४५. जुनी धुरांड्याची नळी: १०. फेल्टची (नमद्यासारख्या जाड कापडाची) गाळणी आणि तिच्या आतले पातळ थर: २०. पाकाचा घट्टपणा मोजायचा तरंगता हायड्रोमीटर आणि त्याचा उभा पेला: ३८. सिमेंटचे पोकळ ठोकळे शेजारच्या आजोबांनी फुकट दिले, गोठ्यामागे पडून होते. पाकाचा थर्मामीटर स्वयंपाकघरात आहेच.

१४८ डॉलर.

आजोबांनी जस्ताच्या जुन्या बादल्याही देऊ केल्या. दिसायला झकास, पण जुन्या बादल्यांच्या सांध्यांना शिशाचं डाख असतं, आणि आटवताना शिसं काही उडून जात नाही, उलट घट्ट होत जातं. आजोबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, माझ्या आईने चाळीस वर्षं त्यातच केलं. मी हसून बादल्या परत ठेवल्या. आता त्यांत त्यांची जिरॅनियम लावलेली आहेत.

२५ जानेवारी

बाहेर उणे बावीस. आज नुसता हिशेब.

उसाच्या रसात साखर अठरा-वीस टक्के. पाचेक लिटर रस आटवला की लिटरभर काकवी. मेपलच्या रसात साखर दोन टक्के. इथे एक सोपं गणित आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागा, तितके लिटर रस लागतो एका लिटर सिरपला. दोन टक्के असेल तर ४३ लिटर. हे सूत्र १९४६ साली व्हर्माँट विद्यापीठातल्या जोन्स नावाच्या रसायनज्ञाने मांडलं, आणि अजूनही लोक तेच धरून चालतात.

म्हणजे सिरप करणं म्हणजे मुळात पाणी घालवणं. लिटरभर गार पाणी उकळीला आणून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २.६५ मेगाजूल. ढोबळ चाळीस लिटर धरले तर झाले १०६. इथल्या प्रोपेनच्या नऊ किलोंच्या टाकीत साधारण ४१५ मेगाजूल, त्यातले निम्मे उघड्यावर वाऱ्याला जाणार. एका टाकीत दोन लिटर सिरप. आपल्याकडच्या १४.२ किलोंच्या सिलिंडरावर केलं तर जेमतेम तीन लिटर. टाकी भरायला पंचवीसेक डॉलर लागतात. म्हणजे बाकी सगळं फुकट मिळालं तरी लिटरमागे बारा डॉलर नुसते गॅसचे. बाजारात तयार लिटर विसाच्या आसपास मिळतं.

गॅस बाद. लाकूड.

आणि लाकूड रानात आहे, दुर्दैवाने भरपूर. आशियातून आलेला एक हिरवा चमकता भुंगा, एमराल्ड अ‍ॅश बोरर, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तिथून पसरत आमच्याकडे आला. आमच्या रानातले अ‍ॅश एकेक करून उभ्याउभ्या वाळले. नवऱ्याने गेल्या दोन हिवाळ्यांत ते पाडून ठेवलेत. चिरायला सरळ, जळायला उत्तम. ज्या बांधावर पडले तिथेच जाळायचे, दुसरीकडे न्यायचे नाहीत. भुंगा लाकडाबरोबरच प्रवास करतो.

संध्याकाळी आप्पांना फोन.

"किती टक्के म्हणालीस?"

"दोन, आप्पा."

पलीकडे बराच वेळ शांत. मग म्हणाले, "बाळ, तुम्ही तिकडं पाणी आटवायला गेलाय व्हय?"

पण जाळाचं त्यांनी जे सांगितलं ते वहीत लिहून ठेवलं: लाकूड मनगटाएवढंच फोड. जाड घातलंस की नुसता धूर खाशील. थोडं थोडं घाल पण जाळ तुटू देऊ नकोस, एकदा उकळी बसली की परत आणायला दुप्पट जळण जातं.

२२ फेब्रुवारी

चुलवाण बांधलं. बर्फ जमिनीपर्यंत साफ केला, खाली फरशीचे तुकडे, वर ठोकळ्यांच्या दोन समांतर भिंती, दोन ठोकळे उंच. मधलं अंतर पॅनची कड दोन्हीकडे टेकेल इतकंच. तीन पॅन ओळीने बसतात. मागच्या टोकाला धुरांडं, तोंडाला एक सुटा ठोकळा दारासारखा. मागच्या दोन पॅनखाली वाळू आणि दगड भरून तळ वर उचलला, म्हणजे जाळ पॅनच्या बुडाला घासून मागे जातो. गुऱ्हाळात रस आटवायच्या काहिलीसाठी जमिनीत खड्डा खणतात, तो इथे शक्य नाही. जमीन मार्चअखेरपर्यंत दगड.

काहील एकच मोठी असते, मग इथे तीन छोटे पॅन का? पैशाचं कारण आहेच, पण दुसरंही आहे. मागच्या पॅनमध्ये गार रस ओतायचा, तो कोमट झाला की मधल्यात, मधल्यातून पुढच्यात. पुढची उकळी कधी बसत नाही. आटवणीचा वेग ठरतो तो पसरट पृष्ठभागावर. खोल पातेलं कितीही मोठं असो, वाफेला तोंड तेवढंच.

आणि घरात आटवायचं नाही. चाळीस लिटर पाण्याची वाफ भिंतींनी घेतली की त्यांवर चिकटवलेला शोभेचा कागद सुटून खाली येतो. हा उद्योग करून बसलेला कुणीतरी काका इथे प्रत्येकाकडे आहे.

८ मार्च

पुढचा आठवडा रात्री उणे पाच, दिवसा अधिक पाच-सहा. याचीच वाट होती.

कमरेच्या उंचीवर, जिथे साल धडधाकट आहे तिथे भोक. खोली चार-साडेचार सेंटिमीटर. पात्याला तिथे चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज घ्यावा लागत नाही. रोख किंचित वर, म्हणजे रस बाहेर उतरतो. पातं बाहेर येताना जो भुगा येतो तो नीट बघायचा. पांढरट, ओलसर असेल तर लाकूड जिवंत. तपकिरी आला तर तिथे काही मिळणार नाही. सहाव्या झाडाला तपकिरीच आला. दुसऱ्या बाजूला गेले, तिकडे पांढरा.

तोटी हातोडीने हलकेच ठोकायची. पहिले दोन ठोके पोकळ वाजतात, तिसरा-चौथा भरीव. आवाज बदलला की थांबायचं. आणखी एक ठोका घातला तर लाकूड तोटीच्या वरखाली चिरतं आणि रस तोटीतून न येता खोडावरून ओघळतो.

पाचव्या झाडाची तोटी बसवेपर्यंत पहिल्याची टिपकायला लागली होती. सेकंदाला एक थेंब. लेकीने जीभ लावून पाहिली आणि म्हणाली, पाणीच आहे. खरंय. गोडवा शोधावा लागतो.

हे घडतं कसं, ते मला फार आवडतं. ऊस चरकात पिळावा लागतो. इथे झाड स्वतःच पंप होतं. रात्री गोठताना खोडाच्या काष्ठतंतूंमधली हवा आकसते, तिथे बर्फ धरतो आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. दिवसा बर्फ वितळतो, दाबून बसलेली हवा फुगते आणि रसाला भोकातून बाहेर लोटते. म्हणून नुसती थंडी उपयोगाची नाही आणि नुसतं ऊनही नाही. शून्याच्या वरखाली ये-जा हवी.

११ मार्च

शेजारच्या आजोबांचं, रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर मागून आणलं (माझा हायड्रोमीटर सिरपचा, दोन टक्के त्यावर दिसतही नाहीत). रानातल्या दाटीतली झाडं १.८. रस्त्याकडेची दोन, ज्यांचा पसारा मोकळा आहे, त्यांचा रस २.८. पानांना जितकं ऊन, तितकी मुळाखोडात साखर. सगळं एकत्र केल्यावर २.१.

सकाळी बादल्यांवर बर्फाचा जाड पापुद्रा. तो काढून फेकला. गोठतं ते मुख्यतः पाणी, साखर खाली राहते. फुकटात थोडं आटवून मिळालं. आजोबा बर्फ टाकत नाहीत, "त्यातही आहे थोडी" म्हणतात. असेल. पण लाकूड मी फोडते.

रस घराच्या उत्तरेला, बर्फात पुरलेल्या पिंपात. चार अंशांच्या खाली राहिला तर काही दिवस टिकतो, ऊन लागलं तर दोन दिवसांत ढगाळतो.

१५ मार्च

पहिलं आधण. ९० लिटर.

सकाळी सातला जाळ. आठला पुढचा पॅन उकळला. आप्पांचं मनगटाएवढं लाकूड दर सात-आठ मिनिटांनी. दहा मिनिटं झाली की उकळी मंदावते, हे घड्याळ न बघता कळायला लागलं. पांढरी मळी वर येते ती झाऱ्याने काढत राहायची. गुऱ्हाळात भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात, इथे काही घालावं लागत नाही. तासाला साधारण दहा लिटर उडतात. म्हणजे दिवसभराची ड्युटी. नवऱ्याने दुपारी पिठलं-भाकरी बाहेरच आणून दिली, एका हातात झारा आणि एका हातात भाकरी.

तीनच्या सुमारास पुढच्या पॅनमध्ये रंग आला आणि एकदम फेस चढला, कडेपर्यंत. इथे लोक लोण्याचा तुकडा टाकतात, पूर्वी डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने वर टांगायचे. मी काडीच्या टोकाने तुपाचा एक थेंब टाकला. फेस जागच्या जागी बसला. थेंबच हं, जास्त तूप सिरपात चवीला उतरतं.

शेवटचे तीन-साडेतीन लिटर आत आणून शेगडीवर. उघड्या जाळावर शेवट करायचा नाही. पातळसर आहे आहे म्हणता म्हणता करपतं. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरला: आज ९९.४. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून रोज बघायचं. त्यात चार मिळवायचे: १०३.४. पळी उचलल्यावर थेंब सुटे पडायचे थांबले, दोन थेंब कडेला एकत्र येऊन पातळ पदर धरू लागले. आई असती तर "एकतारीच्या अलीकडे" म्हणाली असती. पण चिरोट्याच्या पाकाला जे चालतं ते इथे चालत नाही. कॅनडात सिरप म्हणवायला साखर किमान ६६ टक्के; कमी पडली तर बुरशी धरते, फार वाढली तर खडे बसतात. पेल्यात गरम पाक भरून हायड्रोमीटर सोडला. तो गरम पाकाच्या लाल रेघेवर तरंगून स्थिर झाला तेव्हाच शेगडी बंद केली. ३८ डॉलर मला आधी जड वाटले होते. सगळ्या यादीत पुन्हा सगळ्यात आधी काय घेईन तर हे आणि फेल्ट.

फेल्ट का, तर पाक घट्ट होताना त्यात राखाडी गाळ तयार होतो. झाडातलं कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल मिळून होणारा क्षार. अपाय काही नाही, पण दाताखाली वाळू लागते. पंचाने गाळला जात नाही, तितका बारीक असतो. फेल्ट आधी गरम पाण्यातून काढून ओली करायची, मग पाक कढत असतानाच ओतायचा. गार झाला की गाळणीतच बसून राहतो. आणि पिळायची नाही. मी उभी राहून त्याची शेवटची धार बारीक होईपर्यंत बघत राहिले, पिळावंसं वाटत होतं.

पुन्हा ८५ अंशांपर्यंत गरम करून बरण्यांत. त्याहून जास्त तापवलं तर नवा गाळ पडतो, कमी असेल तर झाकण निर्जंतुक होत नाही. बरणी मिनिटभर आडवी. २.१ लिटर. रंग सोनेरी.

१६ मार्च

आप्पांना व्हिडिओवर बरणी दाखवली. "एवढीच?" मग म्हणाले, "रंग मात्र गुळव्याला लाजवणारा आहे."

२१ मार्च

रात्रीही अधिक सहा. तोट्या कोरड्या. काम नाही, लाकूड फोडलं.

३० मार्च

मधले आठ-नऊ दिवस पुन्हा गोठण-वितळण, १५० लिटर जमले. शनिवार-रविवार दोन्ही दिवस चुलवाण पेटतं. ३.५ लिटर.

रंग या वेळी गडद. तेच झाड, तोच पॅन, मग गडद का? हवा उबदार झाली की तोटीत आणि बादलीत जिवाणू वाढतात, ते उसाच्याच जातीच्या साखरेची मोड करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, आणि ही साखर आटवताना लवकर तांबूस होते. चवही भरते. कॅनडात डिसेंबर २०१४ पासून सगळं चांगलं सिरप 'ए' श्रेणीतच येतं, फरक फक्त रंगाचा: सोनेरी, अंबर, गडद, अतिगडद. महाग ते चांगलं असं काही नाही. मला गडदच आवडलं. सोनेरी पाहुण्यांना, गडद पोळीबरोबर आपल्याला.

पुढचा उजवा ठोकळा उभा चिरला. आच थेट लागते तिथे सिमेंट टिकत नाही. वितळणाऱ्या जमिनीमुळे डावी भिंतही बोटभर खचलीय. पॅनखाली पत्र्याची पट्टी सरकवून पातळी धरली. ठोकळे फुकटचे होते, एक हंगाम टिकले तरी फिटले.

रात्री उरलेल्या पाकातला वाटीभर ११३ अंशांपर्यंत नेऊन लेकीसाठी ताज्या बर्फावर ओतला. चिवट, काडीवर गुंडाळून खायचा. क्वेबेकमध्ये याच्या जत्रा भरतात. त्याहून पुढे नेऊन घोटलं की दाणेदार साखर. या भागातले मूळ रहिवासी अल्गोंक्विन आणि इतर अनिशिनाबे लोक ती साखरच जास्त करत. ती बर्चच्या सालीच्या डब्यांत वर्षभर टिके, पाक टिकत नसे. काकवीपेक्षा गूळ का जास्त केला जातो, त्याचंही उत्तर हेच.

६ एप्रिल

शेवटचं आधण. ९५ लिटर, सिरप २.१. आता साखर उतरलीय, गणितापेक्षा रस जास्त गेला.

बादल्यांत पतंग तरंगताहेत, ओढ्याकडे बेडूक ओरडायला लागले, रेड मेपलच्या कळ्या लाल होऊन फुगल्या. शुगर मेपलच्या अजून टोकदार, तपकिरी आहेत, पण कळ्या हलल्या की रसातली अमिनो आम्लं बदलतात आणि आटवताना कोंदट वास येतो. उद्याचा रस तसा निघाला तर दिवसभराचं लाकूड पाण्यात. आजच तोट्या काढल्या. भोक बुजवायचं नाही, मेण नाही, खुंटी नाही. झाड स्वतःच आतून तो भाग बंद करतं. पुढच्या वर्षीचं भोक यापासून निदान १५ सेंटिमीटर बाजूला.

१३ एप्रिल

तोट्या-नळ्या-बादल्या गरम पाण्याने धुतल्या. फेल्टही नुसत्या गरम पाण्याने, साबण अजिबात नाही. साबणाची चव फेल्ट सोडत नाही.

रस ३३५ लिटर, सिरप ७.७. १४८ भागिले ७.७, लिटरला १९ डॉलर. बाजारभावापेक्षा डॉलरभर खाली, आणि माझ्या मजुरीचा भाव शून्य धरून. पुढच्या वर्षी खर्चात फक्त नव्या तोट्या आणि एक ठोकळा. तोट्या दर वर्षी नव्याच. जुन्यांत जिवाणू बसतात आणि भोक लवकर आटतं.

१५ जून

तपासणी. गार सिरपचं वजन ५०० मिलिलिटरला ६६२ ग्रॅम भरायला हवं. १५ मार्चच्या बरण्या बरोबर. मार्चअखेरच्या एका बरणीत ६७५, तळाला खडीसाखरेचे चौकोनी खडे बसलेत. ते लेकीने फोडून खाल्ले, सिरपला धक्का नाही. एप्रिलची एक ६५० च भरली, पातळ राहिलीय. ती फ्रिजमध्ये, तीच आधी संपवायची.

अ‍ॅशचं लाकूड फोडून ताडपत्रीखाली रचलंय. आता चौथा पॅन शोधतेय. पंधरा डॉलरच्या वर देणार नाही.